घरी क्लायंट बोलवायचे की फक्त काम घरून करायचं?

घरून बिझनेस करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो परवानगी लागते का. पण त्याच्या आधी ठरवा क्लायंट दारात येणार आहेत की नाही, कारण झोनिंगचे नियम (कुठल्या भागात काय चालेल, राहणं की धंदा, हे ठरवणारे शहराचे नियम) खरे बदलतात ते तिथेच.

येणार नसतील, म्हणजे अकाउंट्स, डिझाइन, ऑनलाइन शिकवणी वगैरे, तर बऱ्याच ठिकाणी फार त्रास नसतो. घर बाहेरून घरच दिसलं पाहिजे, बोर्ड नको किंवा अगदी छोटा, शेजाऱ्यांना आवाज-वास नको, बस. अडचण एवढीच की समोरासमोर भेटायचं झालं तर तासावर जागा घ्या नाहीतर स्वतः जा, आणि जाण्यायेण्यात गेलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

येणार असतील तर सगळं आकड्यांवर येतं. एका वेळी किती जण, दिवसात किती, किती वाजेपर्यंत, गाड्या कुठे लागणार, बाहेरचा माणूस कामाला ठेवता येतो का. आणि हे शहरागणिक पार वेगळं असतं. अमेरिकेत नॅशव्हिलमध्ये बहुतेक घरगुती धंद्यांना घरी क्लायंट घ्यायलाच बंदी होती, एक हेअरस्टायलिस्ट आणि एक रेकॉर्डिंग स्टुडिओवाले त्यावर कोर्टात गेले, केस चालू असतानाच २०२० मध्ये तिथल्या कौन्सिलने नियम बदलला आणि दिवसाला ६ जणांपर्यंत मुभा दिली. न्यूयॉर्कने २०२४ मध्ये घराची ४९ टक्क्यांपर्यंत जागा आणि ३ कर्मचारी चालतील असं केलं.

आता ६ ची मर्यादा नीट बघा. तासाभराची सेशन्स असतील आणि फी चांगली असेल तर ६ पुरतात, पण वीस मिनिटांत उरकणारं काम असेल तर सकाळीच कोटा संपला आणि उरलेला दिवस खुर्ची रिकामी. म्हणून फी गुणिले परवानगीचा आकडा हा हिशोब आधी करा, खोली सजवायचा खर्च नंतर. एका वेळी एकच असा नियम असेल तर दोन अपॉइंटमेंटमध्ये मोकळा वेळ ठेवावाच लागतो, नाहीतर लवकर आलेला क्लायंट आणि निघणारा क्लायंट दोघांच्या गाड्या रस्त्यावर, आणि तक्रारी बहुतेक पार्किंगवरूनच होतात.

माझं मत स्पष्ट आहे. एका जागी बसवलेली खुर्ची, टेबल किंवा मशीन लागत असेल तरच घरी क्लायंट घ्यायच्या परवानगीमागे लागा. फक्त बोलायचंच काम असेल तर कॉलवर किंवा बाहेर भेटा, डोक्याला ताप कमी.

घरमालक किंवा सोसायटीचे नियम झोनिंगपेक्षा वेगळे असतात हे विसरू नका, एकाचा होकार दुसऱ्याला चालत नाही. आणि झोनिंग ऑफिसात फोनवर "हो चालेल" म्हणाले तरी तेच लेखी घ्या, तुमचा पत्ता आणि नेमकं काम लिहून, कारण परवानगी बऱ्याचदा त्याच पत्त्यापुरती असते, घर बदललं की पुन्हा अर्ज.