बार्ब्रा स्ट्रायसँडचं ४८ तासांचं आत्मचरित्र: काही महिने ऐकल्यानंतर

गायिका म्हणून बार्ब्रा स्ट्रायसँड आपल्याकडेही पुष्कळांना माहीत आहे. दिग्दर्शिका म्हणून ती किती मोठी आहे, हे मला या ऑडिओबुकमुळे कळलं. तेवढ्यासाठीच मी याला पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा तारा का कापला ते पुढे येईलच.

‘माय नेम इज बार्ब्रा’ हे पुस्तक नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं. छापील प्रत ९७० पानांची आहे आणि एवढ्या जाड पुस्तकाला शेवटी सूचीही नाही. म्हणजे तिच्या ‘येन्टल’ या सिनेमाबद्दल काय लिहिलंय ते पुन्हा शोधायचं तर पानं उलटत बसायचं. ऑडिओ आवृत्ती ४८ तासांहून मोठी आहे आणि ती पूर्ण तिने स्वतः वाचली आहे. वाचली म्हणण्यापेक्षा सांगितली आहे म्हणा. मध्येच छापील मजकूर सोडून ती दोन वाक्यं जास्तीची बोलते, एखादी आठवण आली की सूर बदलतो, आणि जिथे गाण्याचा विषय निघतो तिथे त्या गाण्याचा तुकडाही वाजतो. छापील पुस्तकात हे मिळणार नाही. निवड करायची असेल तर बिनधास्त ऑडिओ घ्या.

माझं बहुतेक ऐकणं ट्रान्स-हार्बरच्या गाडीत झालं, ठाणे ते घणसोली आणि परत. एक सूचना लगेच करते: वेग वाढवून ऐकू नका. मी इतर पुस्तकं सव्वापट वेगाने ऐकते, पण इथे तसं केलं की तिचे थांबे मोडतात, आणि ही बाई थांब्यांत फार काही सांगून जाते. दुसरं म्हणजे बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन हवेत. वडिलांबद्दल बोलताना तिचा आवाज इतका खाली येतो की ऐरोलीला दारं भरली की पुढचं वाक्य हातचं जातं. ती १५ महिन्यांची असताना तिचे वडील वारले. ते शिक्षक होते. हा धागा पुढे सगळ्या पुस्तकभर जातो, त्यामुळे ती प्रकरणं घरी, शांतपणे ऐकावीत.

आठवडाभर ज्या सिनेमाचं प्रकरण ऐकलं तो सिनेमा सुट्टीच्या दिवशी आईकडे, नौपाड्यात, दोघींनी बघायचा असं आम्ही ठरवलं. आई संगीत नाटकांवर वाढलेली. इंग्रजी तिला सबटायटलपुरतं पुरतं, पण गाण्याच्या बाबतीत तिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. हे ऑडिओबुक वापरायची खरी रीत हीच आहे असं मला आता वाटतं. नुसतं ऐकलं तर ४८ तासांत नावांची गर्दी होते. सिनेमा जोडीला असला की प्रत्येक प्रकरणाला चेहरा मिळतो.

सुरुवात १९६८ च्या ‘फनी गर्ल’ने. हा तिचा पहिलाच सिनेमा. ब्रॉडवेवर तिने हीच भूमिका १९६४ पासून केली होती. दिग्दर्शक विल्यम वायलर. दुसऱ्या महायुद्धात विमानातून चित्रीकरण करताना त्याचा एक कान गेला होता, आणि त्याचा हा पहिला संगीतपट. नवखी नटी रोज सेटवर येऊन शॉटबद्दल प्रश्न विचारते, पुन्हा करू या म्हणते, याची त्या काळी बरीच चर्चा झाली. तिचं म्हणणं ऐकलं की कळतं, तिला त्रास द्यायचा नव्हता. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर ओठ हलवणं तिला जमायचं नाही, कारण प्रत्यक्ष उभं राहिल्यावर मनात येणारी भावना मुद्रणाच्या दिवशीची नसते. शेवटचं ‘माय मॅन’ म्हणूनच सेटवर प्रत्यक्ष गाऊन घेतलं गेलं. काळी पार्श्वभूमी, काळा पोशाख, चेहरा आणि हात तेवढे उजळ. सुरुवातीला आवाज जवळजवळ तुटतो, मग सावरतो. आईने ते गाणं तीनदा मागे नेऊन ऐकलं. या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं आणि तेही कॅथरीन हेपबर्नबरोबर विभागून, कारण दोघींना सारखी मतं पडली होती.

‘हॅलो, डॉली!’, ‘व्हॉट्स अप, डॉक?’ ही प्रकरणं मजेत ऐकावीत आणि पुढे जावं. ‘व्हॉट्स अप, डॉक?’ मात्र बघाच. विनोदाचं टायमिंग गायिकेला उपजत असावं असं वाटायला लावणारा सिनेमा आहे.

१९७३ च्या ‘द वे वी वेअर’पासून पुस्तक खरं रंगात येतं. रॉबर्ट रेडफर्ड आणि तिची ती प्रेमकथा लोकांना गाण्यामुळे आठवते. तिची खंत वेगळीच आहे. प्रेक्षकांसमोर चाचणी खेळ झाल्यावर दिग्दर्शक सिडनी पोलॅकने काही प्रसंग कापले, आणि त्यात नायिकेच्या राजकीय निष्ठेचे प्रसंग गेले. एका प्रसंगात ती विद्यापीठाजवळून गाडीने जाताना एका तरुण मुलीला तावातावाने भाषण करताना बघते, म्हणजे जणू पूर्वीच्या स्वतःलाच बघते. दुसऱ्यात कुणीतरी तिचं नाव कम्युनिस्टांच्या सरकारी चौकशीत पुढे केलंय आणि त्याची झळ नवऱ्याच्या कामाला लागणार हे तिला कळतं. हे दोन तुकडे नसले तर ती दोघं शेवटी वेगळी का होतात याचं कारणच धूसर होतं. स्ट्रायसँड इतकी वर्षं हे सांगत राहिली आणि २०२३ मध्ये, सिनेमाला ५० वर्षं झाली तेव्हा निघालेल्या आवृत्तीत ते प्रसंग परत जोडले गेले. मी दोन्ही रूपं पाहिली. तिचं बरोबर होतं.

पुढचं सगळं इथून समजतं. कात्री दुसऱ्याच्या हातात असली की नटीने कितीही जीव ओतला तरी पडद्यावर काय उरेल हे ती ठरवू शकत नाही. म्हणून १९६९ मध्येच तिने पॉल न्यूमन आणि सिडनी पॉटिए यांच्यासोबत ‘फर्स्ट आर्टिस्ट्स’ ही कंपनी काढली होती, आणि १९७६ चा ‘अ स्टार इज बॉर्न’ तिने स्वतः कार्यकारी निर्माती म्हणून उभा केला. त्यातली गाणी प्रत्यक्ष गाऊनच चित्रित झाली. शेवटचं गाणं तर एकाच सलग शॉटमध्ये, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. गाणाऱ्या प्रत्येकाने हा शॉट पाहावा असं माझं मत आहे. श्वास कुठे घेतला, ओठ कुठे थरथरले, सगळं उघडं. ‘एव्हरग्रीन’ची चाल तिने त्या सिनेमासाठी गिटार शिकता शिकता बांधली, शब्द पॉल विल्यम्सचे, आणि सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर संगीतकार म्हणून मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. तिला नोटेशन वाचता येत नाही हेही इथे लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे कानावर शिकणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही, पण हॉलिवूडच्या ऑर्केस्ट्रासमोर तसं उभं राहायला धाडस लागतं. त्याच सिनेमाचा दिग्दर्शक फ्रँक पिअर्सन याने सिनेमा प्रदर्शित होण्याआधीच तिच्याविरुद्ध मासिकात लांबलचक लेख लिहिला. ते ऐकताना मला शांता आपटे आठवल्या. ‘कुंकू’ची गाणारी नायिका, आणि १९३९ मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसलेली नटी. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. गाणाऱ्या बाईने स्वतःच्या कामाबद्दल अटी घातल्या की तिला हेकट म्हणायचं, ही रीत पुण्यात आणि हॉलिवूडमध्ये सारखीच.

आता ‘येन्टल’. या भागाची प्रकरणं मी अनेकदा परत ऐकली आहेत आणि या ऑडिओबुकची किंमत माझ्यापुरती इथेच वसूल झाली.

आयझॅक बाशेविस सिंगर यांची ही कथा. पोलंडमधल्या ज्यू वस्तीतली मुलगी, तिला धर्मग्रंथ शिकायचे आहेत, ते फक्त पुरुषांनी शिकायचे असतात. वडील तिला दारं-खिडक्या लावून शिकवतात. ते गेल्यावर ती केस कापते, मुलाचे कपडे घालते आणि ‘आन्शेल’ नावाने पाठशाळेत जाते. ‘फनी गर्ल’नंतर लगेच हा सिनेमा करायचं तिने मनात घेतलं आणि तो पडद्यावर आला १९८३ मध्ये. मधल्या काळात एकामागून एक नकार. ओरायन कंपनी तयार झाली होती, पण ‘हेवन्स गेट’ हा महागडा सिनेमा प्रचंड बुडाला आणि एवढ्या खर्चाचा सिनेमा पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्या बाईच्या हाती द्यायला कुणी धजेना. शेवटी युनायटेड आर्टिस्ट्सने घेतला. निर्मिती, सहलेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका आणि गाणं, पाचही कामं तिची. याच काळात ती पहिल्यांदा वडिलांच्या कबरीवर गेली, आणि शेजारच्या कबरीवर नाव होतं आन्शेल. हा प्रसंग तिने मुलाखतींतही सांगितला आहे, पण तिच्या आवाजात ऐकल्यावर मी घणसोलीला उतरायचं विसरता विसरता राहिले.

सिनेमातली युक्ती मला फार आवडते. मिशेल लग्राँचं संगीत, अॅलन आणि मॅरिलिन बर्गमन यांचे शब्द, आणि सगळी गाणी फक्त येन्टल गाते. मॅन्डी पटिन्किनसारखा कसलेला गायक नट समोर असूनही त्याला एक ओळसुद्धा दिलेली नाही. कारण गाणं म्हणजे तिच्या मनात चाललेलं, जे बोलण्याची सोय तिला कुठेच नाही. जेवणाच्या टेबलावर सगळे बसलेत, ती ताट वाढणाऱ्या मुलीकडे बघतेय, ओठ मिटलेले, आणि गाणं चालू. आईने पाच मिनिटांत हे ओळखलं.

“बाकीच्यांना ऐकू जात नाही ना गं हे?”

“नाही, आई. फक्त आपल्याला.”

“मग बरोबर. आपल्या नाटकात पद असंच असायचं. समोरचा उभा असतो आणि ही प्रेक्षकांना सांगून मोकळी होते.”

थोड्या वेळाने ती म्हणाली, “बालगंधर्व लुगडं नेसून बाईचं मन दाखवायचे. ही विजार घालून बाईचं मन दाखवतेय.” मला यापेक्षा चांगलं परीक्षण कुठे वाचायला मिळालं नाही.

मूळ लेखकाला मात्र सिनेमा पसंत पडला नाही आणि त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये तसं स्पष्ट लिहिलं. मूळ कथेचा शेवट कोरडा आणि गूढ आहे, सिनेमाचा शेवट अमेरिकेला निघालेल्या बोटीवर, मोठ्या आवाजातल्या गाण्याने होतो. मी कथा वाचली. कथा म्हणून ती श्रेष्ठ आहे. पण वडिलांना हाक मारणारी गाणी त्या कोरड्या शेवटात मावली नसती, आणि हा सिनेमा तिने वडिलांसाठीच केला होता.

दिग्दर्शनासाठी तिला १९८४ मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं, ते मिळवणारी पहिली स्त्री म्हणून. दुसरी स्त्री यायला २०२१ उजाडलं, क्लोई झाओ. ऑस्करला ‘येन्टल’ची पाच नामांकनं होती, दिग्दर्शनाचं नव्हतं. १९९१ च्या ‘द प्रिन्स ऑफ टाइड्स’च्या वेळी हेच जास्त ठळकपणे घडलं: सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट सात नामांकनं, आणि दिग्दर्शिकेचं नाव गायब. त्या सोहळ्यात सूत्रसंचालक बिली क्रिस्टलने गाण्यातून विचारलं होतं की हा सिनेमा स्वतःच दिग्दर्शित झाला का. २०१० मध्ये दिग्दर्शनाचं ऑस्कर पहिल्यांदा एका स्त्रीला, कॅथरीन बिगेलोला मिळालं, तेव्हा पाकीट उघडायला स्ट्रायसँडच होती.

‘द प्रिन्स ऑफ टाइड्स’ मला ‘येन्टल’इतका आवडला नाही. नायक निक नोल्टीकडून तिने काढून घेतलेलं काम मोठं आहे, पण तिने स्वतः साकारलेली मानसोपचारतज्ज्ञ जरा जास्तच चकचकीत दिसते. १९९६ च्या ‘द मिरर हॅज टू फेसेस’मध्ये लॉरेन बॅकॉल आई म्हणून भाव खाऊन जाते. त्यानंतर ‘मीट द फॉकर्स’ वगैरे. मजेशीर आहेत, आईला आवडले, प्रकरणंही छोटी आहेत.

आता अर्धा तारा. पुस्तकाला कडक संपादक हवा होता. कपडे, फर्निचर, खाणं यांची वर्णनं संपता संपत नाहीत, आणि दशकांपूर्वीच्या वाईट परीक्षणांना ती अजून उत्तरं देत बसते. सतत ऐकलं तर दमायला होतं. शिवाय मी वापरलेल्या अॅपमध्ये प्रकरणांना नुसते क्रमांक दिसायचे, त्यामुळे हवा तो भाग शोधायला खुणा स्वतःच घालून ठेवाव्या लागल्या. पहिल्या दिवसापासून घाला, आणि खुणेला सिनेमाचं नाव द्या.

घ्यायचं की नाही? गाणं शिकत असाल, नाटक-सिनेमात काम करत असाल, तर नक्की घ्या. नुसती गाणी आवडत असतील तर आधी ‘फनी गर्ल’ आणि ‘येन्टल’ बघा आणि मग ठरवा. क्रम सुचवायचा तर ‘येन्टल’ आधी पाहावा आणि प्रकरणं नंतर ऐकावीत, ‘द वे वी वेअर’च्या बाबतीत मात्र उलट करावं. कापलेल्या प्रसंगांबद्दल आधी ऐकलेलं असलं की ते कुठे असायला हवे होते हे बघताना बरोबर जाणवतं. जुनी आवृत्तीच मिळाली तरी चालेल.