सोफा-सफाईचं हँड टूल: ओपन घ्यावं की क्लोज?

खान्देशातल्या सोफ्यात दोन गोष्टी हमखास सापडतात: शिवणीत आणि पायपिंगखाली (कडेला शिवलेल्या गोल दोरीखाली) बसलेली काळ्या मातीची बारीक धूळ, आणि डोकं टेकायच्या जागी तेलाचा काळपट पट्टा. त्यात जळगाव-भुसावळकडे बरेच लोक या कामाला सरसकट ‘ड्राय क्लीन’ म्हणतात. प्रत्यक्षात तीन सीटच्या सोफ्यात काही लिटर पाणी जातं. ते पाणी फवारायचं आणि लगेच ओढून घ्यायचं काम यंत्राच्या नळीला लावलेलं, हातात धरायचं टूल करतं. पाणी परत किती येतं हे ठरतं त्या टूलच्या चार इंची तोंडावर. यंत्राची मोटर कितीही दांडगी असो, टूल वाईट असेल तर फोम ओलाच राहतो.

टूल पारखायची सगळ्यात सोपी रीत अशी. स्वच्छ पाण्याच्या टाकीत मोजून पाणी भरा, एकच सीट धुवा, मग स्वच्छ टाकीतून किती गेलं आणि घाणीच्या टाकीत किती आलं ते मापट्यानं मोजा. निम्म्याहून कमी परत आलं तर टूलची कड, नळीचा जोड किंवा टाकीच्या झाकणाचं रबर यांपैकी काहीतरी हवा सोडतंय. दुकानदार हे करून दाखवायला तयार नसेल तर पुढचं दुकान बघावं.

टूलचे दोन प्रकार. ओपन टूलमध्ये जेट, म्हणजे फवारा सोडणारी बारीक तोटी, बाहेर दिसतो आणि फवारा थेट कापडावर पडतो. क्लोज टूलमध्ये पाणी तोंडाच्या आतच सुटतं आणि तिथूनच ओढलं जातं. मळलेल्या पॉलिएस्टर सोफ्याला, गाडीच्या सीटला, मंगल कार्यालयाच्या खुर्च्यांना ओपन बरं, कारण फवारा मळात घुसतो. सुती, शेनील (लवदार धाग्याचं कापड), व्हिस्कोस (रेशमासारखं दिसणारं नाजूक कापड), जुन्या काथ्या भरलेल्या गाद्या यांना क्लोज. हायड्रामास्टर कंपनीचं ड्रायमास्टर हे क्लोज प्रकारातलं जुनं, नावाजलेलं टूल. पाणी कमी सोडतं, शिंतोडे लाकडी हातावर उडत नाहीत. पण ते मुळात मोठ्या यंत्रांना जोडायच्या हिशोबानं बनलंय. छोट्या पंपावर लावायचं तर किमान दाब किती लागतो ते आधी विचारा.

आपल्याकडे जास्त दिसतं ते कर्चर कंपनीचं पुझी हे छोटं यंत्र. त्याच्या 8/1 या मॉडेलमध्ये स्वच्छ पाणी 8 लिटर आणि घाण 7 लिटर, 10/1 मध्ये 10 आणि 9. फवारा मिनिटाला 1 लिटर, दाब फक्त 1 बार. हात-नोझल 110 मिलिमीटरचं. घरगुती सोफ्याला आणि गाडीला हे पुरतं. 1 बार दाबानं पाणी जोरानं आत घुसत नाही, त्यामुळे नवख्या हातालाही सांभाळायला सोपं. उलट बाजू अशी की तेलाचा थर या दाबानं सुटत नाही. तिथं आधी औषध (सफाईचं रसायन) मारून ब्रशनं घोळावंच लागतं. नुसता फवारा मारत बसलात तर सीट भिजते आणि पट्टा तसाच राहतो.

मोठ्या यंत्राला सुटं टूल घेत असाल तर जेटवरचा नंबर वाचायला शिका. 8002 मधला 80 म्हणजे फवाऱ्याचा कोन 80 अंश, आणि 02 म्हणजे 40 पीएसआय (दाबाचं माप) दाबाला मिनिटाला 0.2 गॅलन, म्हणजे साधारण पाऊण लिटर. 8001 त्याच्या निम्मं. दाब चौपट केला की पाणी दुप्पट होतं, चौपट नाही. सोफ्याला 8001 पुरतो, फार मळलेल्या जाड कापडाला 8002. जेट किती उंचीवर बसवलाय तेही बघा. 80 अंशाचा फवारा 6 सेंटिमीटरवरून 10 सेंटिमीटर पसरतो. चार इंची तोंडाला तेवढंच हवं. जेट त्याहून वर असेल तर फवारा तोंडाबाहेर जातो, आणि बाहेर गेलेलं पाणी टूल उचलत नाही. सीटच्या कडेला सुकल्यावर जे वर्तुळाकार डाग दिसतात त्यातले बरेचसे याच पाण्याचे. दाब कमी पडला तर उलटं होतं. फवारा आकसतो, मधला पट्टा ओला होतो आणि दोन्ही कडा कोरड्या राहतात.

आता तोंडाची कड. धातूची असेल तर कापसाचा बोळा तिच्यावरून हलकेच फिरवा. कापसाची आपल्याकडे वाण नाही. तंतू अडकला तर तिथं बर, म्हणजे धातूचं बारीक टोक, आहे, आणि तोच बर उद्या गिऱ्हाइकाच्या शेनीलचा धागा ओढणार. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून काढता येतो. प्लास्टिकची कड धागा कमी ओढते, पण गाडीच्या सीटच्या चेनवर आणि सोफ्याच्या खिळ्यांवर आपटून तिला खाचा पडतात. खाच पडली की हवा तिथूनच शिरते आणि खेच कमी होते. म्हणून कड सुटी मिळत असेल असंच टूल घ्या.

पारदर्शक खिडकी नसलेलं टूल घेऊ नये. आत पाणी गढूळ दिसतंय तोवर ओढत राहायचं. निवळ दिसलं की ट्रिगर सोडून दोन-तीनदा कोरडंच ओढायचं. खिडकी नसेल तर हे सगळं अंदाजपंचे. दुसरी गरजेची गोष्ट म्हणजे खेच कमी करणारी सरकपट्टी. सुट्या गादीचं सैल कव्हर टूलला चिकटून वर उचललं जातं; पट्टी थोडी उघडली की टूल पुन्हा सरकतं. ट्रिगर सोडल्यावर जेटमधून थेंब पडतात का तेही पाहा. पडत असतील तर आतलं ओ-रिंग (रबराची कडी) गेलंय. रेशमी किंवा व्हिस्कोसच्या कापडावर एक थेंबही ठिपका सोडतो.

बोअरचं जड पाणी हा इथला खरा शत्रू. जेटच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो आणि फवारा एका बाजूला वळतो. सुई घालून भोक मोकळं करू नका. पितळ मऊ असतं, भोक वाकडं होतं आणि जेट कायमचा बिघडतो. व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवून ठेवा आणि मऊ दातब्रशनं पुसा. शक्य असेल तिथं शेवटचा हात क्षार काढलेल्या पाण्याचा मारावा, कापड कडक होत नाही.

पाण्याआधीची अवजारं लोक विसरतात. काळी माती पाण्यानं फुगते आणि चिकट होते, म्हणून ओलं टूल लावण्याआधी कोरड्या व्हॅक्यूमचं चपटं, फटीत जाणारं नोझल सगळ्या शिवणींतून फिरवलंच पाहिजे. ते नसेल तर पहिल्या फवाऱ्यातच पायपिंगखाली चिखल होतो, आणि तो ओढून निघत नाही. घोळायला ब्रश दोन हवेत. घोड्याच्या केसांचा ब्रश सुती आणि मखमली कापडाला, मऊ नायलॉनचा पॉलिएस्टरला आणि गाडीच्या सीटला. ड्रिलला लावायचे गोल ब्रश सोफ्यावर नकोतच. धागे पिंजतात, मखमलीवर चक्र उमटतं आणि ते परत बसत नाही. सोबत पांढरे टॉवेल. रंगीत टॉवेलचा रंग ओल्या कापडाला लागतो, आणि सोफ्याचा रंग सुटतोय का ते पांढऱ्यावरच दिसतं.

शेवभाजीची तर्री सांडलेल्या सोफ्यावर टूल चालवण्याआधी औषध कोणतं आहे ते तपासा. हळद अल्कधर्मी शाम्पूनं लाल होते. गिऱ्हाईक घाबरतं, आणि काम करणारा आणखी शाम्पू ओततो. तेल आधी सॉल्व्हंटनं (तेल विरघळवणाऱ्या द्रवानं) काढा, हळदीला थोडं स्पिरिट लपलेल्या जागी रंग तपासून लावा. उरलेला पिवळेपणा उन्हानं फिका होतो. सुटं कव्हर असेल तर उन्हात ठेवा. केळीच्या चिकाचं मात्र तसं नाही. रावेर-यावलकडच्या गाड्यांच्या सीटवर तो सुकून तपकिरी झाला की ना टूल, ना औषध. त्याचा शब्द आधीच देऊ नका.

मे महिन्यात वरचं कापड तासाभरात कोरडं लागतं म्हणून फसू नका. फोम आतून ओला असतो, आतलं पाणी वर चढतं आणि बरोबर मळ आणतं. काथ्याच्या जुन्या गादीत तर काथ्याचा तांबूस रंगच वर येतो. उपाय एकच: पाणी न सोडता कोरडे हात जास्त मारा आणि पंखा तिरका लावा. पावसाळ्यात हेच काम दुपारनंतर सुरू करू नये; रात्रभर ओली राहिलेली गादी सकाळी वास मारते.

एकच टूल घ्यायचं असेल तर खिडकी, सरकपट्टी आणि सुटी कड असलेलं चार इंची ओपन टूल, 8001 जेटसह. दुसरं घेता आलं तर क्लोज. नळीचा जोड दीड इंची की सव्वा इंची हे आधी बघा; बसत नाही म्हणून टेप गुंडाळून काम चालवलं तर निम्मी खेच त्या टेपमधूनच जाते. संध्याकाळी टूलमधून साधं पाणी ओढून घ्या आणि तोंडात अडकलेले केस-धागे चिमट्यानं काढा, नाहीतर सकाळी ते वाळून फटीत घट्ट बसलेले असतात.