जुन्या टेरीकॉटची नवी चादर : सहा महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या आवराआवरीत मुलाचे तीन वर्षांचे शाळेचे टेरीकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर-कापूस मिश्र कापडाचे गणवेश, नवऱ्याचे ऑफिसचे सात शर्ट आणि दोन विटलेले पलंगपोस असे साडेसहा किलो कपडे मी पुण्यातल्या एका कपडे-संकलन सेवेला दिले. ही मंडळी घरी येऊन कपड्यांचे वजन करतात, पावती देतात आणि त्या पावतीवर स्वतःच्या दुकानातल्या मालावर सवलत देतात. बोहारीण दारावर येईनाशी झाल्यापासून असे कपडे द्यायचे कोणाला हा प्रश्न आमच्या सोसायटीत घरोघरी आहे, त्यामुळे ही सोय मला मनापासून आवडली. ठरलेल्या दिवसापेक्षा माणूस चार दिवस उशिरा आला, परंतु वजनकाटा त्याने माझ्यासमोर शून्यावर आणून दाखवला आणि पावतीवर कपड्यांचे प्रकारही लिहून दिले.

सवलत वजा जाता ११९० रुपयांना मी डबलबेडची एक जाड चादर घेतली. तिच्या पट्टीवर ‘जुन्या कपड्यांतून नवा धागा’ असे ठळक छापलेले आहे आणि त्याखाली ५५ टक्के कापूस, ४५ टक्के पॉलिस्टर असे प्रमाण दिले आहे. आठवड्याला एक धुणे या हिशेबाने ती आतापर्यंत पंचवीसएक वेळा धुतली गेली आहे, तेव्हा तिच्याविषयी विश्वासाने सांगण्याइतका अनुभव माझ्यापाशी जमला आहे.

चादर अंगाखाली उबदार आणि भरीव लागते. तिचा राखाडी-निळा रंग एकसारखा नसून त्यात मधूनच तांबडा किंवा हिरवा तंतू डोकावतो, कारण जुने कपडे रंगाप्रमाणे वेगळे करून पिंजले की धागा पुन्हा रंगवावा लागत नाही. जुनाच रंग कामी येतो. नव्याने रंगवलेला नसल्यामुळे धाग्याचा रंग गेलाही नाही, पहिल्या धुण्याचे पाणीसुद्धा जवळजवळ स्वच्छ निघाले. मात्र दुसऱ्या महिन्यापासून पायांकडच्या भागावर गोळे येऊ लागले. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यांची टोके धाग्याबाहेर येतात आणि घासून त्यांची गुठळी होते. निव्वळ सुती कापडावरचे गोळे कालांतराने झडून जातात. येथे पॉलिस्टरचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो. गोळे काढण्याचे छोटे यंत्र महिन्यातून एकदा फिरवले की भागते, परंतु ज्यांना गुळगुळीत पलंगपोस हवा आहे त्यांनी ही चादर घेऊ नये.

पट्टीवरच्या मजकुराविषयी मला शंका आली ती मोजमापामुळे. तीन धुण्यांनंतर चादर रुंदीत ९० इंचांवरून ८८ इंचांवर आली, लांबी मात्र १०० इंचांची १०० इंचच राहिली. एकाच धाग्याचे कापड असते तर दोन्हीकडे थोडेफार आटले असते. म्हणून मी कडेचा एक आडवा आणि एक उभा धागा उसवून काढला आणि देवघरातल्या निरांजनावर चिमट्याने धरला. आडवा धागा कागदासारखा पेटला, वासही जळक्या कागदाचा आला आणि मागे राखेत टाचणीच्या टोकाएवढा कठीण काळा मणी राहिला. हे मिश्रण झाले, म्हणजे टेरीकॉटच. उभा धागा मात्र ज्योतीजवळ नेताच आक्रसून मागे सरकला, वितळला आणि थंड झाल्यावर त्याचा चकचकीत टणक मणी झाला. राख औषधालाही नव्हती. बाणा, म्हणजे आडवे धागे, जुन्या कपड्यांचा होता; ताणा, म्हणजे उभे धागे, निखळ पॉलिस्टरचा होता.

दुकानात फोन केला तेव्हा तेथील बाईंनी काहीही न लपवता माहिती दिली, हे आवर्जून नोंदवते. गोळा झालेल्या कपड्यांपैकी वापरण्याजोगे बाजूला काढून उरलेले पानिपतला जातात, तेथे बटणे आणि चेन काढून कापड फाडले आणि पिंजले जाते, आणि त्या आखूड तंतूंचा जाड धागा ओपन-एंड पद्धतीने, म्हणजे चातीऐवजी वेगाने फिरणाऱ्या छोट्या वाटीत, कातला जातो. असा धागा मागावर ताण्याची ओढ सोसत नाही, म्हणून ताण्यासाठी पाण्याच्या बाटल्यांपासून बनवलेले पॉलिस्टर सूत वापरावे लागते. विणकामाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे. माझी तक्रार पट्टीविषयी आहे. ‘जुन्या कपड्यांतून नवा धागा’ हे वाक्य अर्ध्याच धाग्यांना लागू पडते, आणि बाटलीचा त्यात कोठेही उल्लेख नाही.

ही गोष्ट बारीकसारीक वाटेल, परंतु तशी ती नाही. टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात पुनर्वापरातून जे पॉलिस्टर तयार झाले, त्यातले ९९ टक्के बाटल्यांपासून आले होते. बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते. तिचे सूत केले की तो माल त्या चक्रातून कायमचा बाहेर पडतो. दुसरीकडे माझ्या मुलाच्या गणवेशातले पॉलिस्टर कापसाला चिकटलेले होते तसेच चिकटून आडव्या धाग्यात आले. ते सुटे झालेच नाही. चादर फाटल्यावर हेच तंतू पुन्हा पिंजले तर आणखी आखूड होतील, आणि मग गादीत भरण्यापलीकडे त्यांचा उपयोग उरणार नाही.

ते सुटे करणे अवघड का आहे, हे टेरीकॉटच्या घडणीतच आहे. टेरीन आणि कॉटन या दोन शब्दांचा जोड म्हणजे टेरीकॉट, आणि जसे शब्द जोडले तसेच तंतूही कातण्याआधी, पेळूच्या टप्प्यावर एकमेकांत मिसळलेले असतात. गणवेशाच्या कापडात साधारण ६५ ते ६७ टक्के पॉलिस्टर आणि बाकी कापूस असतो, आणि धाग्याच्या प्रत्येक मिलिमीटरमध्ये दोन्ही असतात. पॉलिस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, परंतु तेवढ्या उष्णतेला कापूस काळा पडून त्या रसात मिसळतो, त्यामुळे वितळवून नवा तंतू ओढण्याचा सोपा मार्ग बंद होतो.

रसायनाचा मार्ग मात्र खुला आहे, आणि त्याचे मूळ तत्त्व सुरतेच्या कारखान्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ब्रासो साडीवरची अर्धपारदर्शक नक्षी कशी उमटते? मिश्र कापडावर आम्लाची खळ छापून ते तापवले की कापूस किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला तंतू) जळून जातो आणि पॉलिस्टरची जाळी तेवढी शाबूत राहते. उलट कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात पॉलिस्टर हळूहळू झिजते आणि कापसाला फारसे काही होत नाही. म्हणजे आम्लाने कापूस काढता येतो आणि अल्कलीने पॉलिस्टर. हाँगकाँगच्या एचकेआरआयटीए या संशोधन संस्थेने एचअँडएम फाउंडेशनच्या साहाय्याने २०१७ साली जाहीर केलेली पद्धत पहिल्या वाटेने जाते : बंद भांड्यात पाणी, उष्णता, दाब आणि थोडेसे सौम्य रसायन यांच्या साहाय्याने कापसाची भुकटी होते आणि पॉलिस्टर तंतूच्याच रूपात बाहेर येते, ते पुन्हा कातता येते. स्वीडनमधील सोद्रा या कंपनीने विकसित केलेली पद्धत नेमकी उलट आहे. तिच्यात मिश्र कापडातले पॉलिस्टर वेगळे काढून कापसाचा सेल्युलोज, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो तो पदार्थ, लाकडाच्या लगद्यात मिसळला जातो आणि त्यापासून व्हिस्कोससारखे तंतू बनतात.

या चादरीकडून मी एवढ्या मोठ्या कामाची अपेक्षा करत नाही. पिंजून कातणे ही कमी पाण्याची, कमी खर्चाची आणि पानिपतच्या हजारो हातांना काम देणारी पद्धत आहे, आणि माझे साडेसहा किलो कपडे कचराडेपोवर गेले नाहीत याचे मोल मला आहेच. अपेक्षा आहे ती पट्टीवर खरे लिहिण्याची : बाणा जुन्या कपड्यांचा, ताणा बाटल्यांचा. जागतिक पुनर्वापर मानकाचे (ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड) चिन्ह मालावर लावायचे असेल तर त्यात किमान ५० टक्के पुनर्वापरित माल असावा लागतो, परंतु तेथेही तो माल कपड्यांतून आला की बाटलीतून हे गिऱ्हाइकाला चिन्ह पाहून समजत नाही, तेव्हा दुकानांनीच ते आपणहून सांगायला हवे.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना, दिवाणावर किंवा गच्चीत अंथरायला ही चादर मी निःशंकपणे सुचवेन. पंचवीस धुण्यांनंतरही ती कोठे विरलेली नाही आणि कडेची शिवण पक्की आहे. यंत्रात धुतलीत तर आतल्या जाळीत बोटभर लव जमते, ती नळाखाली न धुता पुसून सुक्या कचऱ्यात टाकावी, म्हणजे पॉलिस्टरचे तंतू सांडपाण्यात जाणार नाहीत. किंमत थोडी जास्त आहे; ९०० रुपयांच्या आसपास असती तर मी दोन घेतल्या असत्या. मुलाच्या यंदाच्या गणवेशाच्या दोन पँट मी अजून दिलेल्या नाहीत. पट्टी बदलणार असल्याचे दुकानातल्या बाईंनी सांगितले आहे, आणि नवी पट्टी पाहूनच त्यांच्या माणसाला पुन्हा बोलावणार आहे.