शेतरस्त्यासाठी कोणता अर्ज करावा : कलम 143 की मामलेदार न्यायालय?

शेतात जाण्याची वाट अडली की तहसीलदारांकडे जावे लागते, हे गावात सर्वांना ठाऊक असते. पण तेथे दोन निराळ्या कायद्यांखाली दोन निराळे अर्ज होतात आणि चुकीचा अर्ज केला तर पेरणीचा हंगाम हातचा जातो. म्हणून आधी एवढेच ठरवावे, की रस्ता पूर्वीपासून होता की नव्हता.

वहिवाटीचा रस्ता होता आणि शेजाऱ्याने चर खणून, काटेरी कुंपण घालून किंवा नांगर फिरवून तो बंद केला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 लागू पडते. तहसीलदार त्याखाली अडथळा दूर करण्याचा आणि पुन्हा तो न करण्याचा हुकूम देतात. हा मार्ग तुलनेने लवकर निकालात निघणारा आहे, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो, आणि नेमके येथेच शेतकरी फसतो. चार जाणती माणसे बसवून तडजोड पाहण्याची गावाची रीत चांगलीच आहे. मात्र ‘ऊस जाऊ दे, मग बघू’ म्हणत मुदत टळते. बोलणी जरूर चालू ठेवावीत, पण दावा मुदतीत दाखल करूनच. स्थळपाहणीच्या वेळी चाकांनी खोल गेलेली चाकोरी, बांधाला पडलेले जुने खिंडार आणि लगतच्या खातेदारांचे जबाब हेच तुमच्या बाजूने बोलतात. त्यामुळे पावसाने चाकोरी बुजण्याआधी तिची छायाचित्रे काढून ठेवावीत.

रस्ता मुळात नव्हताच, उदाहरणार्थ वाटणीत मागचा तुकडा वाट्याला आला, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 143 खाली अर्ज करावा. या कलमात रस्ता इतरांच्या भूमापन क्रमांकांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून मिळतो. कोणाचे शेत मधोमध चिरून जवळची वाट मागणे त्यात बसत नाही. शेतकऱ्याला वाजवी वाटेची गरज किती आहे हे तहसीलदारांनी पाहायचे असते, म्हणून दुसरा वापरता येणारा रस्ता असेल तर मागणी दुबळी पडते. येथे सहा महिन्यांची अट नाही.

एकाच अर्जात ‘जुना रस्ता खुला करा’ आणि ‘नवीन रस्ता द्या’ असे दोन्ही लिहू नये, कारण एक मागणी दुसरीचा आधार काढून घेते. रस्ता गावनकाशावरच असेल तर प्रश्न निराळा आणि पुष्कळ सोपा होतो, कारण मग तो सार्वजनिक रस्त्यावरील अतिक्रमणाचा ठरतो. यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून नकाशाची नक्कल सर्वांत आधी काढावी.

निकालानंतरची वाटही सारखी नाही. 1906 च्या अधिनियमात अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी आहे. कलम 143 च्या निर्णयाविरुद्ध एका वर्षात दिवाणी दावा करता येतो आणि तो दाखल झाल्यावर महसुली अपील किंवा पुनरीक्षण चालत नाही. आदेश कोणत्याही कलमाखाली मिळो, त्याची नोंद शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याची मागणी लगेच करावी, म्हणजे उद्या ती जमीन विकली गेली तरी घेणाऱ्याला रस्ता माहीत नव्हता असे म्हणता येणार नाही.