डेव्हिड रॉबर्ट्सची इजिप्तची चित्रं : काही महिने वापरल्यानंतर

स्केचिंगच्या सरावासाठी हा मोठ्या आकाराचा चित्रसंग्रह घेतला, आणि तेव्हापासून तो कपाटात गेलेलाच नाही. रॉबर्ट्स मूळचा स्कॉटलंडचा. आधी घरं रंगवायचा, मग नाटकांचे पडदे. १८३८ मध्ये इजिप्तला पोचला आणि कैरोहून बोट भाड्याने घेऊन नाईलमार्गे थेट अबू सिंबेलच्या देवळांपर्यंत गेला. त्याच्या चित्रांवरून लुई हागने केलेले लिथोग्राफ (दगडावर रेखून छापलेली चित्रं) १८४२ ते १८४९ या काळात प्रसिद्ध झाले.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एडफूच्या देवळाने. चित्रात मंडपाचे खांब वाळूत आणि ढिगाऱ्यात इतके गाडलेले आहेत, की कोरीव माथे माणसांच्या अगदी जवळ आलेत. मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने १८६० च्या दशकात तिथली वाळू उपसली. त्यामुळे आजच्या फोटोत तेच खांब पायथ्यापासून दिसतात, पण चित्रातलं हे गाडलेलं दृश्य आजच्या कुठल्याच फोटोत मिळणार नाही. एक प्रयोग जरूर करा : चित्रातली माणसं कागदाच्या पट्टीने झाका. मागचं गोपुर लगेच लहान वाटायला लागतं! उंची दाखवायचं काम ही चार-दोन माणसंच करतात. तेव्हापासून मी देऊळ काढताना आधी माणसाची जागा ठरवते.

अंधारा पुढचा भाग आणि एका बाजूने येणारा उजेड, यात नाटकाचा पडदा रंगवणारा हात स्पष्ट दिसतो. चित्रलिपीच्या खुणांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्याचा जीव दगडावरच्या उन्हात रमलेला आहे.

तक्रार छपाईबद्दल आहे. माझ्या आवृत्तीत आडवी चित्रं दोन पानांवर पसरली आहेत, त्यामुळे कर्नाकच्या देवळाच्या सभामंडपातले मधले खांब शिवणीत गडप होतात. रंगही पिवळटच आलेत. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावरचे मोफत स्कॅन शेजारी उघडून बसलं, की सावल्यांतले करडे टोन कुठे हरवले ते कळतं. शेडिंगचा सराव मी आता त्या स्कॅनवरूनच करते.

अबू सिंबेल १९६४ ते १९६८ मध्ये धरणाच्या पाण्यापासून वाचवण्यासाठी वर हलवलं गेलं, नंतर फिले बेटावरची देवळंही. त्यांच्या मूळ जागा ज्यांना पाहायच्या आहेत, त्यांनी तर हा संग्रह घ्यावाच. फक्त छोट्या आकाराची स्वस्त आवृत्ती नको. त्यात माणसं ठिपक्याएवढी होतात आणि उंचीचा अंदाजच येत नाही.