जुनी लाकडी नौका विकत घेताना मी कसा फसलो

मालवण तालुक्यातील एका बंदरात त्याच दलालाने पुन्हा एक जुनी नौका रंगवायला घेतली आहे, असे मागच्या आठवड्यात कळले आणि मगच हा अनुभव लिहायचे ठरवले. नाहीतर स्वतःच्या मूर्खपणाची जाहीर वाच्यता करण्याची हौस कोणाला असते?

बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलो, तेव्हा तारकर्लीला येणाऱ्या पर्यटकांना कर्लीच्या खाडीत फिरवून आणण्यासाठी एखादी लाकडी नौका घ्यावी असे मनात होते. नवी बांधण्यापेक्षा जुनी घेऊन दुरुस्त करणे स्वस्त पडेल हा माझा हिशेब होता, आणि दलालाने तो पहिल्याच भेटीत ओळखला. त्याने मला जूनमध्ये बोलावले. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि नौका किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, त्यामुळे नौका पाण्यात घालून दाखवा असे म्हणायची सोयच नसते, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही. ओंडक्यांवर टेकवलेली ती बत्तीस फुटी नौका नुकतीच निळ्या तैलरंगाने रंगवलेली होती, तळाला बाहेरून फायबर मारलेले होते, आणि ‘‘काकानू, लाकूड अजून दगडासारखा आसा,’’ असे म्हणत दलालाने जी बुक्की मारून दाखवली ती पाणरेषेच्या बरीच वर, काठाजवळ. तपासणीसाठी मिस्त्रीही त्यानेच आणला, आणि मी त्यालाच दुरुस्तीचे काम दिले.

नौकेचे 3,80,000 रुपये आणि किरकोळ दुरुस्तीचे 1,20,000 रुपये मोजून नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात उतरवली. संध्याकाळपर्यंत तळात घोटाभर पाणी साचले. मिस्त्रीने सांगितले, की महिनोन्‌महिने वाळलेले लाकूड दोन-तीन दिवसांत फुगते आणि फटी आपोआप बुजतात. ही गोष्ट खरी आहे, किनाऱ्यावरचे कोणीही सांगेल, आणि म्हणूनच मी गप्प बसलो. पण फायबर धड असते तर बाहेरचे पाणी फळ्यांपर्यंत पोहोचलेच नसते, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. चौथ्या दिवशीही पंप चालूच होता. मग ‘दोन फळ्या बदलाव्या लागतील’ असे म्हणत त्याने आणखी 2,10,000 रुपये घेतले.

अखेर दुसऱ्या गावच्या एका वयस्कर सुताराला बोलावले. त्याने आधी मिस्त्रीने बसवलेल्या नव्या फळीवर रंधा मारला, भुसा चिमटीत घेऊन नाकाशी नेला आणि तो माझ्या हातावर ठेवला. सागाला जो तेलकट, चामड्यासारखा वास असतो तो त्याला नव्हता. माझ्याकडच्या बिलात मात्र साग लिहिला होता. नंतर त्याने तळाचे फायबर हातभर कापून सोलले. आतले लाकूड काळे पडले होते आणि दाभण टोचताच मुठीपर्यंत आत गेले. शेजारची फळी बरी दिसत होती, तिच्यावर फक्त टाचणीने टोचल्यासारखी चार-दोन छिद्रे होती. ती करवतीने आडवी कापली तेव्हा आत बोटाएवढी भोके आणि त्यांना चुना फासल्यासारखे पांढरे अस्तर दिसले. लाकूड पोखरणारा हा समुद्रातला जीव खरे तर शिंपल्याच्या कुळातला. शिरताना तो अगदी बारीक असतो आणि आत गेल्यावर वाढतो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. ओल्या, पोखरलेल्या लाकडावर फायबर चढवले की ओल आतच कोंडते आणि उरलेले लाकूडही कुजते. हे फायबर नौका टिकावी म्हणून नव्हे, तर मला काही दिसू नये म्हणून मारलेले होते.

कागदपत्रांची कथा थोडक्यात सांगतो. मुद्रांक कागदावर ज्याने सही केली त्याच्या नावावर नौका नव्हतीच, आणि मूळ मालकाने इंजिनासाठी काढलेले कर्ज फिटलेले नव्हते. शिवाय मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक बसवता येत नाहीत, त्यासाठी नौकेची वेगळी तपासणी आणि वेगळा परवाना लागतो. ही चौकशी मी पैसे देण्याआधी करायला हवी होती, आणि हा दोष माझाच.

जुनी नौका दुरुस्त करणे कधीच परवडत नाही असे मी म्हणणार नाही. तळातून नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारी मुख्य तुळई आणि आतल्या फासळ्या शाबूत असतील, तर दोन-चार फळ्या बदलून नौका आणखी काही वर्षे चालते. तुळईच कुजलेली असेल, तर दुरुस्ती म्हणजे जुन्या रंगाखाली नवी नौका बांधणेच. माझी तुळई कुजलेली होती. मूळ मालकाशी तडजोड करून इंजिन, दांडा आणि पंखा विकला, त्यातून माझ्या वाट्याला 95,000 रुपये आले. 7,10,000 मधले 6,15,000 रुपये बुडाले. पोलिसांकडे तक्रार दिली आहे, परंतु हा दिवाणी स्वरूपाचा वाद असल्याचे उत्तर तूर्त मिळाले आहे.

त्या पोखरलेल्या फळीचा फूटभर तुकडा मी पडवीत ठेवला आहे. त्या बंदरात नौका पाहायला जाणाऱ्याने वाटेत आमच्याकडे थांबून तो पाहावा, आणि जाताना माझे दाभण सोबत न्यावे.