मुलांच्या रंगीत कपड्यांपायी १४,५९२ रुपये घालवले, तुम्ही घालवू नका

दोन महिने झाले, लिहू का नको लिहू का नको चाललं होतं. लाज वाटते हो. सोसायटीच्या ग्रुपवर "सावधान, असा फोन आला तर उचलू नका" असले मेसेज फॉरवर्ड करणारी बाई मीच आहे, आणि इन्स्टावरच्या मुलांच्या कपड्यांच्या एका खोट्या पेजला मीच फसले. पण परवा आमच्याच बिल्डिंगमधली एक मुलगी मला तसल्याच एका पेजचा फोटो दाखवायला आली, "ताई किती गोड आहे ना", आणि पोटात गोळाच आला. म्हणून लिहितेय.

ज्यांना मुलगे आहेत त्यांना माझं दुखणं कळेल. कुठल्याही दुकानात जा, मेन रोडला जा, शालिमारला जा, कॉलेज रोडच्या मोठ्या दुकानात जा, मुलींसाठी अख्खी भिंत, फ्रॉक, परकर-पोलकं, लाल पिवळं जांभळं सगळं. मुलांसाठी कोपऱ्यात एक रॅक. त्यात नेव्ही ब्लू, राखाडी, आणि छातीवर गाडी नाहीतर डायनासोर. दहा महिन्यांच्या बाळाला राखाडी घालून काय करायचंय? झबलं-टोपडं, खणाची कुंची होती तेव्हा मुलगा काय मुलगी काय सगळे रंगीतच असायचे, आता मुलगा म्हटलं की जन्मापासून ऑफिसला निघाल्यासारखे कपडे. माझा मोठा पाच वर्षांचा, त्याला पिवळा रंग जीव की प्राण, आणि धाकट्याचं हे पहिलंच बोरन्हाण. म्हणजे संक्रांतीला काळे कपडे हवेत, पण काळ्यावर काहीतरी रंगीबेरंगी हवं, हलव्याचे दागिने उठून दिसतील असं.

तर २६ डिसेंबरला रात्री धाकट्याला थोपटत फोन बघताना ते पेज समोर आलं. राणी कलरचा कुर्ता आणि वर पोपटी जॅकेट. बाळाचा काळा सेट, त्यावर लाल-पिवळे-निळे पतंग भरलेले. दोन्ही भावांना एकसारखे आंबा कलरचे कुर्ते, खिशावर छोटा पोपट. खोटं नाही सांगत, डोळ्यात पाणी आलं, इतके दिवस हेच शोधत होते. पत्ता लिहिलेला, मेन रोड, नाशिक. मी राहते इंदिरानगरला. रिक्षाने वीस-पंचवीस मिनिटं. एकदा जाऊन यायला काय झालं होतं मला? पण दहा महिन्यांचं पोर कडेवर घेऊन मेन रोडच्या गर्दीत जायचं, पार्किंग नाही, नवरा सातपूर एमआयडीसीत नाइट शिफ्टला, कोण नेणार. घरपोच मिळतंय तर घरपोच घेऊ म्हटलं. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर इतकं गोड मराठी लिहायचा, "ताई बाळाचं माप महिन्यावर नका देऊ, छाती मोजून पाठवा". सांगा आता, चोर असं विचारतो का?

तिन्ही मिळून ३,४०० होत होते, कॉम्बो म्हणून २,९९९ केले. सीओडी, म्हणजे पार्सल हातात आल्यावर पैसे, ते नाही, "ताई लोक पार्सल परत पाठवतात, आमचं नुकसान होतं". पटलं मला. पैसे पाठवताना वर दुकानाचं नाव येईना, कुठल्यातरी माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे मालकाचं पर्सनल खातं आहे. २७ डिसेंबर, २,९९९ गेले. (ते नाव नीट वाचत जा. दुकानाला पैसे देताय आणि नाव भलत्याच माणसाचं दिसतंय तर तिथेच थांबा.)

त्याने बिल पाठवलं, जीएसटी नंबर वगैरे असलेलं. मी खूश. पुढे हे सगळं झाल्यावर माझ्या दिराने ते बिल बघितलं, ते अकाउंटचं काम करतात, दोन सेकंदात म्हणाले, "वहिनी, नंबर २४ ने सुरू होतोय, २४ म्हणजे गुजरात. नाशिकच्या दुकानाचा २७ ने सुरू व्हायला पाहिजे." जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला की कोणाचा आहे ते फुकट कळतं. टाकला, तर सिमेंटच्या कुठल्यातरी व्यापाऱ्याचा निघाला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. मला हे कोणी आधी शिकवलं होतं का? शाळेत नफा-तोटा शिकवला, हे नाही शिकवलं.

६ जानेवारीला मेसेज, पार्सल हबला अडकलंय, ६४९ रिफंडेबल डिपॉझिट भरा, डिलिव्हरीच्या वेळी परत. नाशिकचं दुकान, नाशिकचं गिऱ्हाईक आणि पार्सल हबला अडकतं कसं, हा प्रश्न मला पडला होता, शपथेवर सांगते पडला होता. पण बोरन्हाण आठ दिवसांवर, पंचवीस बायकांना आमंत्रण दिलेलं, भरले. रिफंडेबल हा शब्द दिसला की पळत सुटा.

९ तारखेपर्यंत काहीच नाही, मग मी भांडले, पैसे परत कर म्हटलं. तो लगेच तयार! इथे तरी कळायला हवं होतं ना. दुकानदार कधी एका वाक्यात पैसे परत करायला तयार झालेला बघितलाय का कोणी?

१० जानेवारी. दुसरा शनिवार, बँक बंद, हे त्यांना बरोबर माहीत असतं. संध्याकाळी पाचला फोन. गोड मराठी गायब, आता हिंदी, "मॅडम मैं अकाउंट्स से बोल रहा हूं". नवरा आत झोपलेला, धाकटा दात येताहेत म्हणून रडतोय, गॅसवर तिळगुळाचा पाक, तो एकतारी झाला की बघायचं, आणि हा फोन ठेवूच देईना. म्हणे रिफंडचा क्यूआर दुसऱ्या फोनवर पाठवतो, तुमच्या फोनने स्कॅन करा. म्हणून सासूबाईंचा नंबर दिला. त्या बिचाऱ्या दोन्ही हातांनी फोन धरून उभ्या, आणि मी त्यांनाच ओरडतेय, "हलवू नका ना आई".

स्कॅन झालं. ३,६४८ रुपये, बरोबर माझे २,९९९ अधिक ६४९, आकडा जुळला म्हणून विश्वास बसला. खाली लिहिलेलं 'पे'. त्याने सांगितलं दाबा. दाबलं. पिन मागितला.

हाच तो क्षण. रोज रात्री झोपताना मला तो स्क्रीन दिसतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. भाजीवाला आपल्याकडून पैसे घेतो तेव्हा तो पिन टाकतो का? नाही, आपण टाकतो. हे मला माहीत होतं, सासूबाईंना मीच समजावलं होतं कधीतरी. आणि तरी माझ्या बोटांनी सहा आकडे टाकले, कारण कानात तो "जल्दी मॅडम, सेशन एक्सपायर होगा" करत होता आणि पाक करपल्याचा वास येत होता.

३,६४८ आले नाहीत, गेले. मी किंचाळले. तो एकदम शांत, "सर्वर से उल्टा हो गया मॅडम, दोनों का एक साथ भेजता हूं". ७,२९६ चा क्यूआर. आणि मी तोही केला. हो, केला. हसा. गेलेले पैसे ओढून आणायच्या घाईत माणूस काय करतो ते स्वतःवर आल्याशिवाय कळत नाही. एकूण १४,५९२. नवऱ्याच्या ओव्हरटाइमचे.

आणि मग सगळ्यात मोठी चूक, तीन तास मी कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंना म्हटलं, "झालं काम". पाक ओतून दिला. आठला नवरा डबा मागायला आला तेव्हा रडू फुटलं. तेच तीन तास महत्त्वाचे होते. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, ताबडतोब फोन करायचा असतो, जितक्या लवकर तितके पुढच्या खात्यात पैसे अडवता येतात. लाज नंतर वाटून घ्या.

१९३० पाच वेळा लागला नाही, सहाव्यांदा लागला. त्या मुलीने नीट ऐकून घेतलं, तेवढं खरं बोललं पाहिजे. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, विचारते, तो आधीच कागदावर लिहून ठेवा. पण त्याच्या पुढचा तमाशा ऐका. रात्री पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणे हे सायबरचं काम. सायबरला गेलो तर म्हणे रक्कम छोटी आहे, तुमच्याच ठाण्यात द्या. परत ठाण्यात, तिथले साहेब बंदोबस्ताला. एकाने तर विचारलं, "मॅडम, एवढ्याशा पोरांना तीन-तीन हजारांचे कपडे कशाला लागतात?" नवऱ्यादेखत! चोर राहिला बाजूला, माझीच चौकशी. सोमवारी बँकेत. टोकन घेऊन दीड तास बसवलं आणि सांगितलं काय, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. मग त्या चोराचं खातं उघडताना केवायसी, म्हणजे ओळखीची कागदपत्रं तपासणं, ते कोणी केलं? माझं नाव पॅनवर एक आणि आधारवर एका अक्षराने वेगळं म्हणून याच बँकेने मला चार खेपा घालायला लावल्या होत्या. त्याला बरं उघडून मिळालं. हे विचारलं तर म्हणे ते खातं आमच्या बँकेत नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ लावून बघितली, तिथे दुकानाचं नाव-पत्ता विचारतात, तो खोटा आहे हीच तर माझी तक्रार!

आणि आता गंमत. ७,२९६ पैकी २,१०० कुठल्यातरी खात्यात अडवलेत म्हणे. मिळाले का? नाही. कोर्टाची ऑर्डर आणा. वकिलाला विचारलं, फी ३,०००. म्हणजे २,१०० सोडवायला ३,००० घाला. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर बघते तर रोज तेच, प्रक्रियेत आहे. त्यात वर पंधरा दिवसांनी एकाचा फोन, "तुमची केस आमच्याकडे आलीये, १,५०० भरले तर पूर्ण रक्कम सुटेल". माझा नंबर आणि रक्कम त्याला कुठून कळली हे देवालाच माहीत. शिव्या घालून ठेवला. तुम्हालाही येईल हा दुसरा फोन, तयार राहा.

बोरन्हाण झालं हो. १३ तारखेला मेन रोडला जाऊन साधं काळं सुती कापड घेतलं, सासूबाईंनी त्यांच्या जुन्या येवल्याच्या पैठणीचा फाटलेला पदर दिला, कोपऱ्यावरच्या शिंपीमामांनी एका रात्रीत त्याचे मोर कापून बाळाच्या झबल्यावर लावून दिले. ३५० रुपये. सगळ्या बायका विचारत होत्या कुठून आणलं. मोठा मात्र अजून विचारतो, "आई, माझा पोपटवाला कुर्ता कधी येणार?"

एक राहिलं. इन्स्टावर पेजच्या नावावर दाबलं की अकाउंटबद्दल माहिती दिसते, कधी उघडलंय, नाव किती वेळा बदललंय. त्या पेजने सहा वेळा बदललं होतं, मी बघितलं फेब्रुवारीत. रिपोर्ट केलं, नवऱ्याकडून केलं, नणंदेकडून केलं. परवा त्या बिल्डिंगमधल्या मुलीने दाखवलं ते पेज वेगळ्या नावाचं, पत्ता आता पुण्याचा, 'पाडवा स्पेशल', पण तोच गोबऱ्या गालांचा मुलगा, तेच पोपटी जॅकेट. कॉम्बो २,७९९ ला. माझ्यानंतर दोनशे रुपयांनी स्वस्त केलाय मेल्याने.